उलटं रीळ

ज्या दिवशी घराबाहेर पडायचं असेल त्या दिवशी नेमकं एखादं यंत्र उघडून बसायचं, ही ऑपरेटरांची जुनी खोड. रविवारी दुपारी तीनला मोठ्या बाई वेणी घालून, ठेवणीतल्या चपला काढून तयार, आणि नवरा पुढच्या खोलीत फतकल मारून बसलेला. समोर जुनं वर्तमानपत्र पसरलेलं, त्यावर शिलाई मशीनची आतडी काढून मांडलेली. शटल, दात्यांची पट्टी, तीन स्क्रू आणि तेलाची कुपी.

"चारचा सिनेमा आहे," मोठ्या बाई म्हणाल्या.

"हं."

"हं म्हणजे येताय की नाही?"

"हे उद्या द्यायचंय."

"कुणाला? ते मशीन माझं आहे. मला उद्या नकोय."

ऑपरेटरांनी एक स्क्रू तेलात बुडवला, उजेडाकडे धरून पाहिला आणि पुन्हा बुडवला. बायकोशी वाद घालण्यापेक्षा स्क्रूकडे बघणं त्यांना नेहमीच सोयीचं वाटत आलं होतं.

मोठ्या बाई शाळेत दुसरीपर्यंतच गेल्या होत्या, पण समोर उभ्या माणसाचं माप त्या नुसत्या नजरेनं घ्यायच्या आणि अर्धा इंचसुद्धा इकडेतिकडे होत नसे. घराच्या पुढच्या दोन खोल्यांत त्यांची चार मशीनं चालत. शाळेचे गणवेश, दवाखान्याचे पडदे, उशांचे अभ्रे. सून हाताखाली होती, आणखी दोघी कामाला येत. मोठ्या बाई म्हणजे मोठ्या बाई, सुनेनंसुद्धा त्यांना कधी आई म्हटलं नाही. नवऱ्याला मात्र सगळे ऑपरेटर म्हणत. एकेकाळी ते थिएटरात सिनेमाचं मशीन चालवत, पण गेल्या अडतीस वर्षांत त्यांनी त्या मशीनला हात लावला नव्हता. तरी ऑपरेटर म्हणत, आणि म्हणताना काहीजण गालात हसत, हे मोठ्या बाईंना चांगलं ठाऊक होतं.

हसण्याचं कारण ठरलेलं होतं. गावातल्या एकुलत्या एक थिएटरात तेव्हा परदेशी बनावटीचा एक काळापांढरा भुताचा सिनेमा लागला होता. त्याचं खरं नाव कुणाच्या लक्षात राहिलं नाही, लोक त्याला 'जिन्यावरची बाई' म्हणत. पहिलाच खेळ होता आणि थिएटर खच्चून भरलेलं. शेवटचं रीळ सुरू झालं आणि चार-पाच मिनिटांत आरडाओरडा झाला. कुणी म्हणे रीळ उलटं लागलंय, कुणी म्हणे मशीनमध्ये काहीतरी शिरलंय. बायका उठून पळाल्या, पायऱ्यांवर एकीचा हात मोडला. मालकानं धावत येऊन मुख्य बटण बंद केलं. संध्याकाळच्या गाडीनं रिळांचे डबे परत पाठवले आणि ऑपरेटरांना सांगितलं, उद्यापासून येऊ नकोस, उलटंसुलटं ज्याला कळत नाही तो माणूस मला नको.

ऑपरेटर मान खाली घालून घरी आले. काही बोलले नाहीत. महिन्याभरानं शिलाई मशीनं दुरुस्त करायला लागले. हात चांगला होता, काम मिळत गेलं. घरात पुढे टीव्ही आला, मुलगा मोठा झाला, नात झाली. पण कुठलाही सिनेमा असो, शेवट जवळ आला की ऑपरेटर उठायचे आणि स्वयंपाकघरात जाऊन पाण्याची भांडी भरायला लागायचे. भरलेलीच भांडी पुन्हा भरायचे.

हे सगळ्या गावाला माहीत होतं. एक गोष्ट मात्र दोघांशिवाय कुणाला माहीत नव्हती. त्या दिवशी ऑपरेटरांनी शेवटचं रीळ दुसऱ्या मशीनवर चालू केलं त्याच क्षणी मशीनच्या कॅबिनचं दार कुणीतरी धडाधडा वाजवलं होतं. रीळ बदललं की छोट्या खिडकीतून पडद्याकडे एक नजर टाकायची हा त्यांचा नेम. त्या दिवशी ती नजर टाकायची राहिली, कारण दारात मोठ्या बाई होत्या. तेव्हा त्या मोठ्या नव्हत्या, तेवीस वर्षांच्या होत्या, कडेवर मूल होतं आणि डोळ्यांत अंगार. सासूनं शेजारणीसमोर त्यांच्या हाताला चव नाही म्हटलं होतं, म्हणून त्या माहेरी निघाल्या होत्या आणि जाण्याआधी नवऱ्याला चार शब्द ऐकवायला आल्या होत्या. चाराचे चाळीस झाले. आतून ओरडा ऐकू आला तेव्हा ऑपरेटर धावले, तोवर मालकानं बटण बंद केलेलं. पडदा काळा, आणि मालकानं त्यांना पुन्हा मशीनकडे फिरकू दिलं नाही.

त्यानंतर अडतीस वर्षांत ऑपरेटर बायकोला एकदाही म्हणाले नाहीत की तू दारात आलीस म्हणून. दुसऱ्या कुणालाही सांगितलं नाही. मोठ्या बाईंना त्याचाच राग होता. भांडले असते तर फिटंफाट झाली असती. तोंडातून शब्द न काढता त्यांनी सगळं एकट्याच्या अंगावर घेतलं आणि मोठ्या बाईंना त्या गोष्टीवर एक शब्द बोलायची जागा ठेवली नाही.

आता नातीनं हे नवं प्रकरण काढलं होतं. पोरगी कॉलेजात शिकत होती आणि मैत्रिणींना घेऊन वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये महिन्यातून एकदा जुने सिनेमे दाखवायची. गेल्या आठवड्यात ती नाचत घरी आली. म्हणाली, "आजोबा, जिन्यावरची बाई मिळाली. स्वच्छ करून नवी केलेली. तुमच्या थिएटरात लागला होता ना? खेळ संपला की शेवटावर चर्चा आहे, तुम्ही दोन शब्द बोला. मी फलकावर लिहूनसुद्धा टाकलंय."

पोरीला कुणी काही सांगितलंच नव्हतं. ऑपरेटर 'बरं' म्हणाले. आणि आज मशीन उघडून बसले.

"नका येऊ," मोठ्या बाई चपलेत पाय घालत म्हणाल्या. "मी बघून येते. कोण काय बोलतंय तेही बघते."

"अगं, कशाला."

"कशाला म्हणजे? फलकावर आपलं नाव आहे."

हॉलमध्ये साठेक खुर्च्या होत्या आणि पन्नास तरी भरल्या होत्या. खिडक्यांना काळे पडदे लावलेले. शिवण वाकडी होती, मोठ्या बाईंनी बसल्या बसल्या पाहून ठेवलं. दुसऱ्या रांगेत टॉर्चवाले बसले होते. थिएटरात अंधारात लोकांना खुर्ची दाखवायचं काम करत, म्हणून टॉर्चवाले. आता हातात टॉर्चऐवजी काठी. त्या दिवशीची गोष्ट गावभर केली ती याच माणसानं, आणि दर सांगण्यात तिला एक फोडणी जास्त पडत गेली.

"वहिनी, आलात का? ऑपरेटर नाही दिसत."

"कामात आहेत."

"असणारच," टॉर्चवाले शेजाऱ्याकडे बघून म्हणाले. "आज मशीन कोण चालवतंय ते विचारून घ्या हो. सुलट लावलंय ना?"

शेजारी हसला. मोठ्या बाईंनी पदर खांद्यावर घट्ट घेतला आणि पडद्याकडे तोंड केलं.

सिनेमा त्यांना आवडला नाही. एक मोठं घर, त्यात एक नवी नवरी, नवरा सारखा बाहेरगावी, आणि वरच्या मजल्यावर एक बंद दार. ते दार उघडू नकोस म्हणून सगळे तिला बजावत होते. उघडणार हे उघडच होतं. 'कामधंदा नसला की असंच होतं,' मोठ्या बाईंच्या मनात आलं. बाई दार उघडते, आत काय दिसतं ते आपल्याला दाखवत नाहीत, ती किंचाळत मागे सरते आणि जिन्यावरून गडगडत खाली येते. हातातला काचेचा दिवा फुटतो. बाई मरते. पांढऱ्या कपड्यांत जिन्याच्या पायथ्याशी पडून राहते, डोळे उघडे.

मोठ्या बाईंना वाटलं, संपला.

मग फुटलेल्या काचा हलल्या. एकेक तुकडा जमिनीवरून सरकत आला आणि दिवा पुन्हा अखंड झाला. धूर खाली उतरून वातीत शिरला. बाई उठली. हात न टेकता, गुडघा न वाकवता, कुणीतरी दोरीनं ओढल्यासारखी. आणि आपल्याकडे तोंड करून, जिन्याकडे पाठ ठेवून, एकेक पायरी मागे मागे वर चढायला लागली. आवाज काही नाही, नुसता वारा.

हॉलमध्ये कुणीतरी 'आई गं' म्हणालं. मागच्या रांगेतल्या एका बाईंनी पायातल्या चपला काढून हातात घेतल्या, पळायचं झालं तर असाव्यात म्हणून. मोठ्या बाईंना भुताचं काही वाटलं नाही. त्यांच्या मनात एकच आलं. झालं. पुन्हा उलटं लागलं. आता माझ्या नातीच्या माथी.

त्या अर्ध्या उठल्या. पडद्यावरची बाई वर चढतच होती. आणि उठता उठता मोठ्या बाईंची नजर तिच्या पायांवर पडली.

पाय खाली होते.

त्या तशाच थांबल्या. लग्नाच्या पहिल्या वर्षी ऑपरेटर त्यांना एकदा कॅबिनमध्ये घेऊन गेले होते. नवं लग्न, बायकोवर छाप पाडायची हौस. रिळाचा तुकडा उजेडाकडे धरून ते म्हणाले होते, हे बघ, खेळ झाला की रीळ परत गुंडाळावं लागतं. आळशी ऑपरेटर न गुंडाळताच पुढच्या गावाला पाठवतो. ते तसंच लावलं तर शेपूट आधी जातं, आणि मग पडद्यावर माणसं नुसती मागे मागे चालत नाहीत, डोक्यावर उभी राहून चालतात. त्यात चूक व्हायची सोयच नाही, पहिल्या क्षणाला कळतं.

डोक्यावर. या बाईचं डोकं तर वर होतं.

पडद्यावर बाई वरच्या दारापर्यंत पोचली. बंद दारासमोर उभी राहिली, तिच्या चेहऱ्यावरची भीती हळूहळू ओसरली, नव्या नवरीसारखी ती हसली आणि वळून आपल्या खोलीत गेली. दार बंदच राहिलं. समाप्त.

दिवे लागले तेव्हा सगळे एकदम बोलायला लागले. नात माईक घेऊन उभी राहिली. पोस्टातून निवृत्त झालेले एक कारकून आधी बोलले, "मला कळलं नाही. मेली होती ना? मग परत वर कशाला गेली? खाली काय वाईट होतं?"

"खाली मेलेली होती ती," शाळेतल्या एक बाई म्हणाल्या. "तिला परत मागे जायचं होतं, ते दार न उघडण्यासाठी. मला तर रडू आलं."

"मला घाम आला," औषधांच्या दुकानदारानं सांगितलं. "ती उठली ना, तेव्हा वाटलं मशीन बिघडलं."

चपला हातात घेतलेल्या बाई म्हणाल्या, "मला काही वाटलं नाही." त्यावर सगळे हसले, कारण चपला अजून हातातच होत्या.

मग टॉर्चवाले काठी टेकत उठले. मोठ्या बाईंना माहीतच होतं.

"पोरी, तू लहान आहेस," ते नातीला म्हणाले. "पण हा शेवट आम्ही फार पूर्वी बघितलाय. तुझ्याच आजोबांनी दाखवला. रीळ उलटं लावून. लोक खिडक्यांतून उड्या मारत होते."

हॉलमध्ये हशा पिकला. नातीचा चेहरा उतरला. तिनं आजीकडे पाहिलं.

मोठ्या बाई उठल्या. "खिडक्या होत्या का हो थिएटरला?"

"म्हणजे बोलायची पद्धत."

"बरं. उभे राहिलाच आहात तर आणखी एक सांगा. तुम्ही तिथे टॉर्च घेऊन उभे होतात. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंत?"

"पाहिलं म्हणजे? पहिल्या रांगेपाशी होतो."

"बाईचं डोकं वर होतं की खाली?"

टॉर्चवाले गोंधळले. "डोकं? वरच. डोकं खाली कशाला असेल?"

"आणि पाय?"

"पाय जिन्यावर. वहिनी, हे काय विचारताय."

"मग उलटं काय होतं?"

"अहो, उलटं म्हणजे मागे मागे चालत होती. काचा उठून दिव्यात जात होत्या." त्यांनी काठीनं पडद्याकडे दाखवलं. "ही आत्ता चालली ना, अगदी तशीच."

आणि ते थांबले. आपणच काय बोललो ते टॉर्चवाल्यांना आता ऐकू आलं असावं, कारण काठी तशीच वर राहिली.

"आत्ता कुणी लावलं होतं रीळ?" मोठ्या बाईंनी नातीला विचारलं.

"आजी, रीळ नाहीच आहे. कॉम्प्युटरवर आहे. शेवट मुळात असाच काढलाय त्यांनी, पुस्तकांतसुद्धा लिहिलंय."

मोठ्या बाईंनी पिशवीतून मापाची पट्टी काढली. ती त्यांच्या पिशवीत नसायचा दिवस उगवायचा होता. "सगळे बघा. हे टोक डावीकडे धरलं, आकडे सरळ. आता फिरवून दुसरं टोक डावीकडे धरते. आकडे कसे दिसतात?"

"डोक्यावर," औषधांचा दुकानदार म्हणाला.

"रिळाचं तेच. शेपटाकडून लावलं की माणसं डोक्यावर. हे मी शिकलेले नाही, मला ज्यांनी सांगितलं ते त्यांच्या कामात पक्के होते. तुम्ही सगळे उलटं उलटं म्हणून ओरडलात, त्यांना वाटलं डोक्यावर. तुम्हाला म्हणायचं होतं मागे मागे. एका शब्दानं माणसाची भाकरी गेली, आणि कुणाला विचारावंसं वाटलं नाही."

टॉर्चवाले हळूच खाली बसले. "अरेच्चा," ते म्हणाले. "म्हणजे सिनेमाच तसा होता." आणि मग, खरोखरच अवघडून, "वहिनी, मी हे दोनशे वेळा तरी सांगितलं असेल."

"आता हे चारशे वेळा सांगा."

घरी येताना नात शेजारून चालत होती. तिला शंभर प्रश्न पडले होते. मोठ्या बाईंनी एकाचंही उत्तर दिलं नाही. त्यांना भरभर चालायचं होतं आणि गुडघे ऐकत नव्हते. रस्त्यात दूधवाल्यानं हाक मारली, तीही ऐकू आली नाही. एवढं हलकं वाटतंय म्हणजे ओझं किती होतं, हा विचार त्यांनी नाक्यापाशी एकदा केला आणि मग रागानं सोडून दिला.

ऑपरेटर तिथंच होते. मशीन जोडून झालं होतं, आता ते फडक्यानं पुसत होते, पुसायचं काही नसताना.

"झाला?" त्यांनी वर न बघता विचारलं.

"झाला. बाई मरते, उठते, आणि मागे मागे जिना चढते."

फडकं थांबलं.

"मागे मागे?"

"काचा जुळतात, धूर वातीत शिरतो. आणि डोकं वर असतं. पाय खाली. टॉर्चवाले भर सभेत बोलले, त्या दिवशीही तसंच होतं. डोकं वर."

ऑपरेटरांनी फडकं खाली ठेवलं. तळहात पँटला पुसले. मग अगदी हळू विचारलं, "नक्की डोकं वर होतं म्हणाला?"

"तीनदा विचारलं मी."

नात दारात उभी होती, तिनं तोंड उघडलं, मोठ्या बाईंनी हातानं तिला गप्प केलं.

"दहा रिळं होती," ऑपरेटर म्हणाले. "आधीच्या गावाहून सगळीच न गुंडाळता, शेपूट बाहेर ठेवून आली होती. नऊ गुंडाळलेली मला आठवत होती. दहावं आठवत नव्हतं. किती आठवून पाहिलं. झोपेतसुद्धा गुंडाळायचो." त्यांनी हात पुढे करून हवेत एक वेटोळं घेतलं, सवयीनं. "म्हणजे गुंडाळलं होतं मी."

"गुंडाळलं होतं."

ते हसायला लागले. आवाज न करता, खांदे हलवत, मोठ्या बाईंनी कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं तसं. डोळ्यांतून पाणी आलं ते त्यांनी मशीन पुसायच्या फडक्यानंच पुसलं आणि कपाळभर तेल लागलं.

मोठ्या बाई समोरच्या स्टुलावर बसल्या. "मी दार वाजवलं नसतं तर तुम्ही पडदा बघितला असता."

"बघितला असता."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"काय बोलायचं? चूक माझी वाटत होती. त्यात तुला कशाला ओढू." त्यांनी फडक्याची घडी घातली. "आणि तू त्या दिवशी माहेरी गेली नाहीस. मला वाटलं, तेवढ्यावर भागलं."

नातीला हे काहीच माहीत नव्हतं, ती डोळे विस्फारून दोघांकडे बघत होती. मोठ्या बाईंनी तिला पाणी आणायला आत पिटाळलं, कारण आपला चेहरा कसा झालाय ते त्यांना पोरीला दाखवायचं नव्हतं. मग पदरानं नवऱ्याच्या कपाळावरचं तेल खसाखसा पुसलं, इतकं की ऑपरेटरांनी डोकं मागे घेतलं.

"नीट ऐका," त्या म्हणाल्या. "हे मी एकदाच बोलणार आहे. रीळ तुम्ही बरोबर लावलं होतं. दहाची दहा. पण लोक उलटं म्हणाले आणि तुम्ही मान खाली घातलीत, उलटं म्हणजे कसं, एवढं एका माणसाला विचारलं नाहीत. ऑपरेटर म्हणून तुमच्यासारखा दुसरा नाही. स्वतःचे वकील म्हणून मात्र तुम्ही अगदी टाकाऊ आहात."